लिव्हायथन : एक गर्जणारें आख्यान

पालकसभेच्या दिवशीं एक गृहस्थ आम्हांस भेटावयास आले. त्यांचा मुलगा आमच्या शाळेंत वरच्या वर्गांत शिकतो; अभ्यासांत बरा आहे, उपासनेसही नेमानें येतो. परंतु अलीकडे तो सायंकाळीं कानांत इयरफोन घालून एकटाच बसूं लागला होता. एके दिवशीं वडिलांनीं तो इयरफोन आपल्या कानास लावून पाहिला, तों आंत कोणी मनुष्य गर्जत आहे आणि त्याच्या मागें लोहाराच्या ऐरणीवर घण पडावे तसा गदारोळ चालला आहे, असें त्यांस आढळलें. "सर, हें सैतानाचें गाणें तर नव्हे ना?" असें त्यांनीं काकुळतीस येऊन विचारलें. आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. मुलास बोलावून विचारलें, तेव्हां तो मान खालीं घालून म्हणाला, "सर, तें देवमाशाचें गाणें आहे. त्यांत अहाब आहे."

अहाब हें नांव ऐकतांच आम्ही सावध झालों. इस्राएलाच्या ज्या राजानें नाबोथाच्या द्राक्षमळ्याचा लोभ धरिला व ज्यास एलीया संदेष्ट्यानें दोषी ठरविलें, तोच हा अहाब काय? मुलगा म्हणाला, "तो नव्हे सर, परंतु त्याचेंच नांव घेतलेला." मग आम्हीं शाळा सुटल्यावर वाचनालयाच्या खोलींत त्या मुलासह बसून तो संपूर्ण गीतसंग्रह ऐकण्याचें ठरविलें. पहिल्या संध्याकाळीं डोकेंदुखीपलीकडे कांहीं हातीं लागलें नाहीं. दुसऱ्या संध्याकाळीं शब्द समोर ठेवून ऐकलें. तिसऱ्या संध्याकाळीं आम्हीं कपाटांतून हर्मन मेल्व्हिलची ‘मोबी-डिक’ ही जाडजूड कादंबरी काढिली व ती टेबलावर उघडी ठेवून ऐकलें. आमचा कान चर्चमधील गायनावर आणि टिळकांच्या अभंगांवर तयार झालेला. तेव्हां या विषयांत आम्ही नवशिकेच आहों. तरी जें समजलें तें पालकांपुढें व विद्यार्थ्यांपुढें मांडावें, म्हणून हा लेख.

प्रथम या संगीताच्या जातीविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. हेवी मेटल या नांवानें ओळखलें जाणारें हें संगीत इंग्लंडांतील बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरीं वाढीस लागलें. तेथील ब्लॅक सॅबथ या वाद्यवृंदाची पहिली तबकडी १९७० च्या फेब्रुवारींत निघाली. त्यांतील गिटारवादक टोनी आयोमी हा सतरा वर्षांचा असतां पत्र्याच्या कारखान्यांत यंत्राखालीं सांपडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांचीं टोकें तुटलीं. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबण्याचीं नेमकीं तींच बोटें. पुढें त्यानें प्लॅस्टिकचीं टोपणें बनवून बोटांवर चढविलीं, हलक्या तारा घेतल्या आणि कालांतरानें त्या सैल करून सूर खालीं उतरविला. या संगीताचा जो जड, खर्जांतला, दचकविणारा नाद आहे त्याच्या पाठीशीं एका कामगार मुलाचा जखमी हात आहे, हें समजल्यावर आम्हांस तो नाद पूर्वीइतका परका वाटेना. विजेच्या गिटारचा सूर मुद्दाम फाडून मोठा करणें, ढोलांचा अखंड मारा, आणि गाण्याऐवजीं पुष्कळदां आरोळी, हीं या पद्धतीचीं ठळक लक्षणें होत. या पंथांतील कांहीं मंडळी सैतानाचीं चिन्हें खरोखरच मिरवितात, हें आम्ही लपवीत नाहीं. परंतु ब्लॅक सॅबथच्याच १९७१ मधील एका गीतांत ईश्वरावरील विश्वासाची बाजू उघडपणें घेतलेली आहे, हेंही तितकेंच खरें. एकंदर पंथाचा न्याय एका मापानें करतां येत नाहीं.

आतां ‘कन्सेप्ट अल्बम’ म्हणजे काय? सामान्य तबकडींत दहा गीतें असलीं तर दहा निरनिराळे विषय असतात. या प्रकारांत सर्व गीतें एका सूत्रांत ओवलेलीं असतात. कधीं त्यांतून एक कथा चालते, कधीं एकच विचार दहा बाजूंनीं पाहिला जातो. आमच्या वाचकांस कीर्तनाचा दाखला पुरेसा होईल. हरदासबुवा पूर्वरंगांत एक सिद्धांत मांडितात आणि उत्तररंगांत आख्यान लावून तो रंगवितात. मधलीं पदें, साक्या, दिंड्या सुट्या ऐकल्या तर गोड लागतात, परंतु त्यांचा अर्थ आख्यानाच्या ओघांतच उमलतो. रेव्हरंड टिळकांनीं हीच पद्धति ख्रिस्ती कीर्तनास लाविली, तें आमच्या मंडळींतील वडील माणसांस ठाऊक आहेच. हेवी मेटलमध्यें अशीं आख्यानें पुष्कळ आहेत. आयर्न मेडन या इंग्लिश संघानें व क्वीन्सराइक या अमेरिकन संघानें १९८८ या एकाच वर्षीं केलेले दोन संग्रह फार नांवाजले गेले. आमच्या विद्यार्थ्याच्या कानांतला संग्रह त्यानंतरचा.

त्याचें नांव ‘लिव्हायथन’. तो मॅस्टोडॉन या संघाचा. मॅस्टोडॉन हा हत्तीसारखा, पण आतां नामशेष झालेला एक प्राणी. संघाचा आवाज ऐकिला म्हणजे नांव समर्पक वाटतें. अमेरिकेंतील जॉर्जिया संस्थानांत अॅटलांटा शहरीं २००० सालीं चौघेजण एकत्र आले : ब्रॅन डेलर ढोल वाजविणारा, ट्रॉय सँडर्स खर्जाची गिटार वाजविणारा व गाणारा, आणि ब्रेंट हाइंड्स व बिल केलिहर हे दोन गिटारवादक. त्यांपैकीं हाइंड्स हा २०२५ च्या मार्चांत संघांतून वेगळा झाला आणि त्याच वर्षीं २० ऑगस्ट रोजीं अॅटलांटा येथेंच मोटारसायकलच्या अपघातांत मरण पावला. ‘लिव्हायथन’ निघाला तो २००४ च्या ऑगस्ट महिन्याच्या शेवटीं. पहिला संग्रह अग्नीवर, हा दुसरा जलावर, तिसरा पृथ्वीवर, अशी महाभूतांची मांडणी या मंडळींनीं मनांत धरिली होती. डेलर यानें मेल्व्हिलची कादंबरी वाचून तीच सूत्र म्हणून सोबत्यांपुढें ठेविली. घरदार मागें टाकून, एका मोटारींत दाटीवाटीनें बसून, गांवोगांव भटकत एका ध्यासामागें लागलेले आपण, आणि ते देवमासे मारणारे खलाशी, यांत त्यांस साम्य दिसलें. संग्रहाच्या वेष्टणावर पॉल रोमानो या चित्रकारानें प्रचंड पांढरा देवमासा काढिला आहे. त्याच्यापुढें जहाज खेळण्याएवढें दिसतें.

या संग्रहाचें मोल समजण्यास मूळ ग्रंथाची ओळख हवी, आणि येथें आम्ही जरा रेंगाळणार आहों. कारण शाळामास्तरास ग्रंथाजवळ आल्यावर घाई करवत नाहीं.

मेल्व्हिल १८१९ सालीं न्यू यॉर्क येथें जन्मला. बापाचें दिवाळें निघालें, बाप वारला, शिक्षण अर्धवट राहिलें. १८४१ च्या जानेवारींत तो ‘अकुश्नेट’ नांवाच्या देवमासे मारणाऱ्या जहाजावर खलाशी होऊन निघाला. तें जहाजच आपलें विद्यापीठ, अशा अर्थाचें त्यानें पुढें लिहिलें आहे. त्या काळीं अमेरिकेंतील व युरोपांतील अनेक घरांतले दिवे देवमाशाच्या तेलावर जळत. स्पर्म जातीच्या देवमाशाच्या मस्तकांतून निघणाऱ्या मेणासारख्या द्रव्याच्या उत्तम मेणबत्त्या होत. त्यासाठीं जहाजें तीन तीन, चार चार वर्षें समुद्रावर असत. मासा दिसला कीं लहान होड्या पाण्यांत सोडावयाच्या, जवळ जाऊन दोर बांधलेला हार्पून, म्हणजे कांटेरी भाला, त्याच्या अंगांत रोंवावयाचा, आणि तो थकेपर्यंत त्याच्या मागें फरफटत जावयाचें. १८२० च्या नोव्हेंबरांत पॅसिफिक महासागरांत ‘एसेक्स’ नांवाचें जहाज एका देवमाशानें धडक देऊन बुडविलें. होड्यांत चढलेल्या वीसजणांपैकीं आठच वांचले. ही सत्यकथा मेल्व्हिलच्या मनांत घर करून होती.

त्याची ‘मोबी-डिक’ १८५१ सालीं प्रसिद्ध झाली. कप्तान अहाबाचा एक पाय मोबी-डिक नांवाच्या पांढऱ्या देवमाशानें तोडिला आहे. त्याचा सूड घेण्यासाठीं अहाब ‘पीकॉड’ नांवाचें जहाज, तें तेल आणण्याकरितां मालकांनीं दिलेलें असतां, साऱ्या जगाच्या समुद्रांवर फिरवितो. शेवटीं तीन दिवस पाठलाग होतो. देवमासा जहाज फोडितो, अहाब आपल्याच हार्पूनच्या दोरांत गुरफटून ओढला जातो, आणि सर्व माणसें बुडतात. इश्माएल नांवाचा एक खलाशी तेवढा वांचतो, तो आपल्या मित्राची, क्वीक्वेगची, रिकामी शवपेटी तराफ्यासारखी धरून. पुस्तक त्या काळीं फारसें खपलें नाहीं. मेल्व्हिलनें पुढें एकोणीस वर्षें न्यू यॉर्कच्या जकात कचेरींत चाकरी केली आणि १८९१ सालीं तो जवळजवळ विस्मृतींत मेला. १९२० नंतर लोकांस त्याच्या ग्रंथाची थोरवी कळूं लागली.

हा ग्रंथ पवित्र शास्त्राच्या पाण्यांत भिजलेला आहे. इश्माएल म्हणजे उत्पत्तीच्या पुस्तकांतील हागारेचा मुलगा, घरांतून घालविलेला. जहाज निघण्यापूर्वीं एक पाळक योनावर उपदेश करितो. त्याचें व्यासपीठ जहाजाच्या नाळेसारखें आहे व त्यावर तो दोराच्या शिडीनें चढतो. बंदरावर भलतेंसलतें भाकीत करणाऱ्या वेड्या माणसाचें नांव एलीया. आणि लिव्हायथन म्हणजे आमच्या मराठी शास्त्रांतील लिव्याथान. ईयोबाच्या एकेचाळिसाव्या अध्यायांत परमेश्वर ईयोबास विचारतो कीं, या प्राण्यास तुला गळानें ओढून काढितां येईल काय? ईयोब त्यापुढें हात जोडून गप्प राहतो. अहाब मात्र जणूं उत्तर देतो, "काढितों!" साऱ्या कादंबरीचें मर्म आम्हांस या एका उद्धट उत्तरांत दिसतें. शिवाय स्तोत्र १०४ मध्यें हाच लिव्याथान देवानें समुद्रांत खेळण्यास निर्माण केला असें म्हटलें आहे. स्तोत्रकर्त्यास जेथें खेळ दिसला, तेथें अहाबास केवळ वैर दिसलें.

सहज आठवलें म्हणून सांगतों. मेल्व्हिल देवमाशाच्या चित्रांविषयीं लिहितांना आमच्या मुंबईजवळील घारापुरीच्या लेण्यांचा उल्लेख करितो. देवमाशाचें सर्वांत जुनें चित्र तेथें मत्स्यावताराच्या रूपानें कोरलेलें आहे, असें त्याचें म्हणणें. तो स्वतः मुंबईस कधींच आला नव्हता. घारापुरीचें मोठें लेणें शिवाचें आहे. तेव्हां सहलीस जाणाऱ्या मुलांनीं तेथें देवमासा शोधण्यांत वेळ दवडूं नये! अहाबाच्या खास होडींतील फेदल्ला नांवाचा गूढ मनुष्य मात्र पारशी दाखविला आहे, आणि खलाशांत एक लस्करही आहे.

आतां मुख्य मुद्द्याकडे येतों. कादंबरींत एक प्रसंग असा आहे : अहाब सर्व खलाशांस डेकवर बोलावितो. एक सोन्याचें नाणें डोलकाठीवर खिळ्यानें ठोकितो. जो पांढरा देवमासा प्रथम पाहील त्याचें तें नाणें. मग दारूचें भांडें फिरतें, हार्पून फेकणारे आपल्या हार्पूनच्या पोकळ लोखंडांतून दारू पितात, आणि सर्वजण त्या देवमाशाच्या मरणाची शपथ घेतात. स्टारबक नांवाचा अधिकारी तेवढा म्हणतो कीं, आपण तेल आणावयास आलों, कप्तानाचा सूड उगवावयास नव्हे. मुक्या प्राण्यावर सूड घेणें हें पाप आहे. त्याचा आवाज आरोळ्यांत बुडून जातो. आणि पुढें इश्माएल कबूल करितो कीं, त्या आरोळींत आपलाही आवाज होता. अहाबाचें वैर आपणांस आपलेंच वाटलें. एका माणसाचा पाय तुटला, आणि तीस माणसांस राग आला. हा राग कोठून आला? तो आरोळींतून आला.

‘लिव्हायथन’चें पहिलें गीत ‘ब्लड अँड थंडर’ ही तीच आरोळी आहे. आरंभींच गिटारचा एक तुकडा पुन्हां पुन्हां आपटत येतो. मग ढोल येतात. मग देवमाशाचें नांव घेऊन साद. क्लच नांवाच्या दुसऱ्या संघाचा गायक नील फॅलन याचाही आवाज तींत मिसळला आहे. ऐकणाराचा पाय नकळत ठेका धरितो. आमचाही धरूं लागला, आणि आम्हीं तो टेबलाखालीं आवरला! दुसऱ्या गीताचें नांवच ‘मी अहाब आहें’ या अर्थाचें. कादंबरींत अहाब व वाचक यांच्यामध्यें इश्माएल उभा असतो; तो विचार करितो, हंसतो, मासळीच्या शरीराचें वर्णन करीत बसतो. गीतसंग्रहांत हा मध्यस्थ नाहीं. येथें ऐकणारा थेट डेकवर खलाशांच्या घोळक्यांत उभा केला जातो आणि त्याच्या हातीं हार्पून दिला जातो. या संगीताचा कर्कशपणा येथें कामाचा ठरतो. गोड सुरांत हा प्रसंग गाइला असता तर राग किती सुखकर असतो, किती लौकर अंगांत भिनतो, हें आम्हांस कळलें नसतें.

पुढील ‘सीबीस्ट’ हें गीत क्वीक्वेगास उद्देशून आहे व त्याचा वेग निराळा, भरती-ओहोटीसारखा. सर्वच गीतें कादंबरींतलीं आहेत असें मात्र नाहीं. एक आइसलंडाविषयीं आहे. एकाचें नांव मेगॅलोडॉन या प्राचीन प्रचंड शार्क माशावरून ठेविलें आहे. हीं आम्हांस आख्यानांत ठिगळासारखीं वाटलीं, मुलगा म्हणाला, "समुद्र एकच आहे सर!" वाद तेथेंच राहिला. डेलरचें ढोलवादन हा मात्र संपूर्ण संग्रहाचा प्राण आहे. तो नुसता ठेका धरीत नाहीं. लाटा जशा एकीवर एक चढतात तसे त्याचे बोल एकावर एक चढतात. तबला ऐकणाऱ्या आमच्या लोकांस याची गोडी सहज कळावी.

शेवटून दुसरें गीत ‘हार्ट्स अलाइव्ह’ हें सुमारें साडेतेरा मिनिटांचें आहे. येथें जहाजाचा अंत होतो. आरंभीं सूर मोकळे, दूरवरचे, शांत समुद्रासारखे. मग हळूहळू तेच सूर जड होत जातात, आणि शेवटीं एकच आघात पुन्हां पुन्हां, पुन्हां पुन्हां, पाणी आंत शिरावें तसा. पहिल्या गीतांत जी आरोळी आम्हीं दिली तिची किंमत येथें चुकती होते. म्हणून आमचें सांगणें असें कीं, ज्या विद्यार्थ्यास हा संग्रह ऐकावयाचा असेल त्यानें पहिलें गीत दहा वेळां ऐकून थांबूं नये. आणि ज्या पालकानें त्यांतील अर्धें मिनिट ऐकून कानांवर हात ठेविले, त्यानेंही थांबूं नये. दोघांनींही बुडेपर्यंत बसावें. सारा संग्रह सुमारें पाऊण तासाचा आहे. आमच्या उपदेशांहून तो लांब नाहीं. २००४ सालीं ‘केरँग!’, ‘रिव्हॉल्व्हर’ व ‘टेररायझर’ या संगीतविषयक नियतकालिकांनीं यास वर्षांतील उत्कृष्ट संग्रह ठरविलें, तें अशा बैठकीनें ऐकूनच असावें.

एक उणीव मात्र आम्हांस बोंचली. कादंबरीच्या अखेरीस ‘राहेल’ नांवाचें जहाज भेटतें. त्याच्या कप्तानाचा बारा वर्षांचा मुलगा होडीसह समुद्रांत हरवला आहे. तो अहाबापुढें पदर पसरतो : माझ्या मुलाच्या शोधास चल, अठ्ठेचाळीस तास दे. अहाब नकार देतो, कारण त्यास देवमासा जवळ आल्याची खूण पटली आहे. तेंच ‘राहेल’ आपलीं लेंकरें शोधीत फिरतां फिरतां शेवटीं इश्माएलास उचलतें. गीतसंग्रहांत ही राहेल आमच्या कानांस कोठें आढळली नाहीं. आम्हीं तो भाग काढून मुलास वाचावयास दिला. तो वाचून झाल्यावर बराच वेळ कांहीं बोलला नाहीं; मग म्हणाला, "बाबांनाही हें पान दाखवूं का?"

पुढच्या शनिवारीं वडील आले. आम्हीं तिघे बसलों. ‘हार्ट्स अलाइव्ह’ संपेपर्यंत त्या गृहस्थांनीं दोन वेळां घड्याळ पाहिलें, पण उठले नाहींत. त्यानंतर संग्रहांतील शेवटचा तुकडा लागला : मंद, शब्दहीन, सुमारें साडेतीन मिनिटांचा. त्याचें नांव ‘जोसेफ मेरिक’. हा मेरिक १८६२ सालीं इंग्लंडांतील लेस्टर येथें जन्मला. त्याचें शरीर व चेहरा एका विचित्र रोगानें इतके वाढून विद्रूप झाले कीं, लोक त्यास ‘हत्ती-माणूस’ म्हणत व तंबूंत त्याचें प्रदर्शन करीत. पुढें लंडनच्या एका मोठ्या रुग्णालयांत त्यास आसरा मिळाला. तेथें तो शास्त्र वाची, आणि एका धड हातानें त्यानें केलेला पुठ्ठ्याचा चर्चचा नमुना अद्याप जपून ठेविलेला आहे. १८९० सालीं सत्तावीस वर्षांचा असतां तो वारला. समुद्रांतील राक्षसाच्या आख्यानाअखेर या मनुष्याचें नांव कां घातलें, हें संग्रहांत कोठें सांगितलेलें नाहीं. संघाच्या पहिल्या संग्रहाचा शेवटही त्याच्याच स्मरणानें झाला होता.

वडिलांनीं तो तुकडा डोळे मिटून ऐकिला. मग इयरफोन काढून मुलाच्या हातीं दिला, खिशांतून पेन काढिलें आणि आम्हांस म्हणाले, "सर, त्या माणसाचें नांव लिहून द्या. घरीं मुलाच्या आईस सांगावयाचें आहे."